डोमाच्या फोटोतले डोळे

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्याच दुकानात घडलं... आणि तेही भर दिवसा.

साल २००२, ऑगस्ट महिना. गाव मूल, जिल्हा चंद्रपूर. राइस मिलच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मधे पडदा, पडद्यामागे कॉम्प्युटर.

आमच्या धंद्यातलं एक काम बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. खेड्यात कित्येक माणसांचा जिवंतपणी एकही फोटो निघत नाही. माणूस गेला की मग फोटोवाल्याला बोलावतात. तेरवीला फोटो लागतो, आणि मिटलेल्या डोळ्यांचा फोटो कुणी भिंतीला लावत नाही. म्हणून ते डोळे कॉम्प्युटरवर उघडायचे. घरातल्याच कुणाचे, भावाचे नाहीतर मुलाचे डोळे फोटोतून कापून मयताच्या चेहऱ्यावर बसवायचे.

मी असे पन्नासेक चेहरे उघडले असतील. कधी काही वाटलं नाही.

त्या महिन्यात मला दुर्बुद्धी सुचली. कॉम्प्युटर जुना झाला होता. एक फोटो उघडायला लावून चहा पिऊन यावं, इतका वेळ घ्यायचा. मी नागपूरहून नवीन रॅम आणि डिस्प्ले कार्ड आणलं आणि स्वतःच बसवलं. मेकॅनिक कशाला? आपल्याला काय कमी अक्कल आहे?

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

स्क्रीन काळी ठिक्कर.

रॅम काढून खोडरबरानं घासली, पुन्हा बसवली. स्क्रीन आली, पण सोळाच रंग. कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्राम टाकला. रंग आले, तर आडव्या रेघा थरथरायला लागल्या. सेटिंग बदलून बदलून दोन दिवसांनी चित्र स्वच्छ झालं. मी स्वतःवर जाम खूश होतो.

त्याच आठवड्यात डोमाचं काम आलं.

डोमा तळ्यात मासे धरायचा. तापानं गेला. त्याचा फोटो मीच त्याच्या घरी जाऊन काढला होता. बायको देवकाबाई तेव्हा नव्हती. ती धानाच्या रोवणीला मजुरीनं नागभीडकडे गेलेली. निरोप मिळून ती येईपर्यंत मौतमाती आटोपली होती.

मी डोमाच्या धाकट्या भावाचे, मुखरूचे डोळे घेतले. दुपारभर मान मोडून बसवले. इतके छान बसले की डोमा आपल्याकडेच बघतोय असं वाटावं. फाइल सेव्ह केली.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई आली. चपला बाहेर काढून पडद्याआड आली आणि स्टुलावर बसली.

"भाऊ, मले एकच पायजे," ती म्हणाली. "मी निघून राह्यली होती तं ते म्हनत, मले बरं नाई वाटून राह्यलं, नोको जाऊ. मी भांडली अन् गेली. आता फोटोत तरी त्यायनं माह्याकडे पाह्यलं पायजे."

"पाहा तं खरं, बाई," मी म्हणालो. "आत्ता बोलन असा झाला आहे फोटो."

फाइल उघडली. चित्र वरून खाली सावकाश उतरायला लागलं.

केस... कपाळ... भुवया...

डोळे मिटलेले.

मला वाटलं, चुकून जुना फोटो उघडला. पण फाइल तीच होती. बंद करून पुन्हा उघडली. मिटलेलेच.

"कार्ड नवीन आहे, बाई. कधीकधी आधीचंच चित्र दाखवते," मी ठोकून दिलं.

ती उठली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीत दूर गेला. मी स्क्रीनकडे वळलो...

डोळे उघडे होते.

मी चक्क हसलो. म्हणजे घोळ कार्डाचाच! लगेच कॅबिनेट उघडलं. नवीन कार्ड काढलं, जुनं घातलं. रॅमही जुनीच घातली. मशीन होतं तसं झालं. आता बोला!

दोन दिवसांनी देवकाबाई पुन्हा आली.

आता एक सांगतो. जुन्या डब्यासारख्या मॉनिटरमधून एक बारीक शीळ सतत येत असते. दिवसभर ऐकून तिची सवय होते. देवकाबाईनं पडदा बाजूला केला आणि ती शीळ थांबली.

स्क्रीन मात्र चालू होती.

आणि डोमाचे डोळे मिटलेले होते... जुन्या कार्डावर.

"काऊन भाऊ?" तिनं हळूच विचारलं. "त्यायचे डोये उघडतच नाई का?"

तेरवी दोन दिवसांवर आली होती. "उद्या नक्की होते बाई," म्हणून मी तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी राजदीपला बोलावलं. राजदीप माझा दोस्त, बस स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायचा. भुताखेताचं नाव काढलं की तो माणसाची सालटी काढायचा. त्यानं दोन तास सगळं तपासलं. फोटो दहा वेळा बंद केला, दहा वेळा उघडला. दहाही वेळा डोळे टक्क उघडे.

"सुरेंद्र, तुह्या कार्डाले काई नाई झालं," तो हसत म्हणाला. "तुह्याच डोक्याचा ड्रायव्हर उडाला आहे."

मीही हसलो. खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात शीळ थांबली.

राजदीपनं मॉनिटरवर एक चापट मारली. मी मात्र स्क्रीनकडे पाहिलं नाही. मी पडद्याकडे पाहत होतो. पडद्यापलीकडे... कुणीतरी चपला काढत होतं.

"सुरेंद्र..." राजदीपचा आवाज एकदम बसला. "पापन्या... खाली येऊन राह्यल्या."

मी झडप घालून मॉनिटर बंद केला. पडदा सरकला आणि देवकाबाई आत आली. राजदीप उठला. तिच्या बाजूनं, अंग चोरून, बाहेर निघून गेला. त्याची बॅग माझ्या दुकानातच राहिली. तो त्या विषयावर आजही बोलत नाही.

मी देवकाबाईला म्हणालो, "बाई, तुम्ही आता येऊ नोका. फोटो मीच घेऊन येतो."

तेरवीच्या सकाळी शटर आतून ओढून घेतलं आणि प्रिंट काढली. प्रिंटवर डोळे उघडे आले. काचेच्या फ्रेममध्ये बसवली, तेव्हाही उघडेच. घाईघाईनं फ्रेम पेपरात गुंडाळली आणि सायकलवर टांग टाकली.

कागदावरची शाई थोडीच बदलते? रस्ताभर मी मनाला हेच सांगत होतो.

अंगणात मांडव होता. सोयरे जमले होते. देवकाबाई पुढे आली. मी फ्रेम तिच्या हातात दिली. तिनं तिथंच उभ्यानं पेपर सोडला.

माझ्याकडे फ्रेमची मागची बाजू होती. दोन पावलं सरकून मला बघता आलं असतं. नाही सरकलो. खोटं कशाला सांगू, हिंमत झाली नाही.

मी फक्त तिचा चेहरा बघितला. ती खूप वेळ फोटोकडे पाहत राहिली. रडली नाही. मग तिनं मान वर केली.

"लोकायले तं उघडे दिसतीन ना, भाऊ?"

"हो, बाई," मी म्हणालो. "दिसतीन."

"मंग झालं."

तिनं पदरानं काच पुसली आणि फोटो पाटावर ठेवला. मी पाणीही न पिता परतलो.

वर्षभरानं मुखरू पासपोर्ट फोटो काढायला दुकानात आला. मी सहज विचारावं तसं विचारलं, "डोमाचा फोटो आहे का भिंतीवर?"

"आहे न," तो म्हणाला. "पन वैनी घरात असली का त्याचं तोंड भिंतीकडे असते. वैनी शेतात गेली का मग फोटो सरळ होते."

माझा जीव कळवळला. "कशाले फिरवते बाई त्याले? इतकं काऊन मनाले लावून घेते?"

"वैनी तं हात बी लावत नाई, भाऊ," तो म्हणाला. "ते बिचारी रोज फोटो पुढून पाह्याले मिळन म्हनून वाट पाहून राह्यते."