डोळे बांधल्यावर अप्पा

"रोहिणी, तू आंधळी कोशिंबीर खेळणार का न्हाय?" शेजारच्या सादनं विचारलं.

"खेळते की," रोहिणी म्हणाली. खरं तर तिला खेळावंसंही वाटत नव्हतं आणि न खेळावंसंही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो ना, तसं कालपासून तिचं मन झालं होतं.

तिचे अप्पा, सावळाराम, डाळजच्या दूध केंद्रावर कामाला होते. जन्मापासून ठार बहिरे, पण कामाला वाघ! काल मात्र भरलेला कॅन घेऊन ते थंड खोलीत धाडकन पडले. तेही दुसऱ्यांदा! मालक दादासोतात्या सगळ्यांसमोर कडाडले, "दिवसाढवळ्या ढोसतोय! उद्याच्याला येऊ नगंस!" भाकरी घेऊन गेलेल्या रोहिणीलाच ते अप्पांना खुणांनी सांगावं लागलं. तेव्हाही तिला रडू आलं नाही.

"म्हस्कूवर राज्य!" सादची बहीण मेहजबीन ओरडली. म्हस्कू रोहिणीचा धाकटा भाऊ, अप्पांसारखाच बहिरा. त्याच्या डोळ्यांना ओढणी बांधली, तर गडी झोकांड्या खात गेला आणि आपटलाच!

"नाटकं करतोय!" साद हसला.

पुन्हा बांधली. पुन्हा आपटला. मग सादनं स्वतःचे डोळे बांधून पाहिले. पठ्ठ्या सरळ चालत गेला आणि थेट बाभळीला धडकला!

"मग म्हस्कूच कसा पडतोय? दारू प्यालाय व्हय?" मेहजबीन म्हणाली.

रोहिणी ताडकन उठली. "अगं, अप्पा पडले तवा लाइट गेली हुती! दोन्ही खेपंला! त्या खोलीला खिडकीच न्हाय!"

अप्पांना घेऊन सगळी टोळी केंद्रावर धडकली.

"पोरांनो, मला येळ न्हाय!" तात्या खेकसले.

"तात्या, अप्पांच्या तोंडाला वास आला हुता का?" रोहिणीनं विचारलं.

"वास कशाला घ्याचा? चालणं बघितलं की कळतंय."

"मग चालणंच बघा!"

अप्पा भरलेला कॅन घेऊन वजनकाट्यापर्यंत सरळ गेले. सादनं कॅन उतरवून घेतला आणि त्यांच्या डोळ्यांना ओढणी बांधली. दोन पावलांतच अप्पा कलंडले! तात्यांनीच धावत जाऊन त्यांना सावरलं.

"अरं द्येवा! उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं झालं की माझं! चुकलं माझं, सावळाराम. उद्या कामाला ये. आन् शाब्बास रं पोरांनो!"

पुढे बारामतीला कानाच्या डॉक्टरांनी त्याचं कारणही सांगितलं. शरीराचा तोल कानाच्या आतूनही सांभाळला जातो. घराण्यात चालत आलेल्या बहिरेपणात कधी कधी तोही कच्चा राहतो. मग माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो.

त्या दिवशी मात्र तात्यांनी तिथंच अप्पांच्या हातात मोठी बॅटरी ठेवली आणि रोहिणीची पाठ थोपटली. तरी तिचं मन बधिरच होतं.

बॅटरी लागते का ते बघायला अप्पा तिला अंधाऱ्या थंड खोलीत घेऊन गेले. त्यांनी बटण दाबलं. उजेड त्यांनी कॅनवर नाही, तिच्यावर पाडला. तिच्या खुणा दिसायला हव्या होत्या ना!

'काय म्हणाले मालक?' त्यांनी हातानं विचारलं.

'तुम्ही पीत नाही म्हणाले. उद्या कामावर या म्हणाले,' रोहिणीनं खुणांनी सांगितलं, आणि मग तिला रडू आवरेना.