तिसरी हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, सैल केबलवर मात्र पूर्ण आहे. या इस्पितळाच्या तळघरात आजवर जे जे अजब म्हणून माझ्यापुढे आलं, ते शेवटी कुठल्यातरी अर्धवट खोचलेल्या केबलपाशीच येऊन थांबलं. त्यामुळे त्या सकाळी अतिदक्षता विभागातला मोठा पडदा गोठतोय असा निरोप आला, तेव्हा मी आधी केबलनाच शिव्या घातल्या.

फरक इतकाच, की त्या दिवशी सातव्या खाटेवर माझी ताई होती. आदल्या दिवशी तिच्या हृदयाची झडप बदलली होती आणि ती अजून गुंगीत होती. विभागातल्या सगळ्यांचे ठोके, रक्तदाब, श्वास त्या एका पडद्यावर दिसतात आणि सिस्टर तिथूनच सगळ्यांवर लक्ष ठेवतात. पडदा गोठला की जुनाच आकडा तसाच दिसत राहतो. माणूस गेलं तरी पडद्यावर त्याचं छान चाललेलं असतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी आधी चहा घेतला असता. त्या दिवशी मला भीती वाटत होती.

आई विभागाच्या काचेच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. कालपासून तिनं पाठ टेकली नव्हती.

"जरा पड ना," मी म्हटलं.

"तू तुझी यंत्रं बघ. मी इथेच आहे. मला कुठली झोप यायला."

तळघरातल्या खोलीत थंडी आणि पंख्यांची घरघर, एवढंच असतं. ज्या सर्व्हरांवर तो पडदा चालतो, ते तीन आहेत आणि तिघांनी मिळून एकच काम करायचं असतं. आम्ही त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो. सगळं नीट चाललेलं असताना त्या दर क्षणाला एकमेकींना विचारत असतात, आहेस का? दुसरीनं म्हणायचं, आहे. लागोपाठ तीन हाकांना उत्तर आलं नाही, तर उरलेल्या दोघी तिला गेलेली धरतात आणि तिची वीज तोडतात. ऐकायला निर्दय वाटतं, पण अर्धमेलं यंत्र मेलेल्यापेक्षा वाईट. ते चुकीचं लिहीत राहतं.

पूर्वी चौथीही होती. ती सगळ्यात जुनी, म्हणून आत्या. तिला काढून कपाटात ठेवलं, पण सभासदांच्या यादीतलं तिचं नाव तसंच राहिलं. चालतंय ना, मग हात लावू नका, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. घरातल्या थोरामोठ्यांचं नाव लग्नपत्रिकेत असतंच, तसं आत्याचं नाव असू दे, असं आम्ही हसत म्हणायचो.

"आत्या परत आलीये," माझा सहकारी म्हणाला. तो कशावरही विश्वास ठेवत नाही म्हणून सगळे त्याला शंकासुर म्हणतात.

"आत्या कपाटात आहे."

"ते तिला सांग."

त्याच्या पडद्यावर सरळ दिसत होतं. तिघी नेहमीप्रमाणे हाका मारत होत्या आणि मधूनच आत्याच्या पत्त्यावरून उत्तर येत होतं, आहे. चौथी आली म्हणून तिघी काम थांबवून पुन्हा सगळ्यांची मोजणी करायच्या, तेवढ्यात वरचा पडदा गोठायचा. मग आत्या गप्प. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"कुणीतरी तिचा पत्ता दुसऱ्या यंत्राला दिलाय," मी म्हणाले. हे नेहमीचं असतं. एका पत्त्यावर दोघं राहायला आले की भांडण होणारच.

"मलाही तेच वाटलं. पण कार्ड तिचंच आहे."

नेटवर्कच्या प्रत्येक कार्डावर कारखान्यातून आलेला स्वतःचा क्रमांक असतो. उत्तर देणाऱ्याचा क्रमांक आत्याच्या कार्डाचा होता. मी कपाट उघडलं. आत्या धूळ खात पडली होती, मागे एकही वायर नव्हती. पेचकस घेऊन मी ते कार्ड उपसून काढलं आणि मुठीत धरलं.

"आता?"

शंकासुरनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे. "देतीये उत्तर," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं थट्टा केली नाही.

सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात त्या स्विचला आम्ही विचारलं, हे उत्तर कुठल्या तोंडातून आत येतंय. प्रत्येक केबलचं तोंड ठरलेलं असतं, तिथे खोटं बोलायला वाव नसतो. उत्तर आलं, चौथी खाट. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

चौथ्या खाटेवर कुणी नव्हतं. एक बाई गादी पुसत होती. खाटेजवळचं यंत्र बंद होतं आणि त्याची केबल काढून खाली लोंबत सोडलेली होती.

"आजोबा गेले सकाळी," मोठ्या सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. या विभागात त्यांचा शब्द डॉक्टरही मोडत नाहीत. "पडदा गोठलेला होता. मी सहज खाटेपाशी गेले म्हणून कळलं."

मी ती लोंबती केबल हातात घेऊन शंकासुरला फोन लावला.

"तिथून नाही येत आता," तो म्हणाला. "सातव्यावरून येतंय."

मी ताईकडे गेले. तिचा चेहरा पांढराफटक होता. खाटेजवळच्या यंत्रावर ठोके बरे दिसत होते. ओठ मात्र हलत होते, अगदी किंचित, ठरावीक अंतरानं. गुंगीच्या औषधानं होतं असं, मी स्वतःला सांगितलं. तिच्या यंत्राची केबल मी काढली.

"अजून येतंय," फोनमधून आवाज आला.

मी केबल परत खोचली. पहिल्या खेपेला बसली नाही.

उपाय एकच होता. आत्याचं नाव यादीतून खोडायचं. त्यासाठी तिघींना एकदम बंद करून पुन्हा उठवावं लागणार होतं आणि तेवढा वेळ वरचा पडदा काळा राहणार होता.

"पडद्याचं काय घेऊन बसलात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आम्ही खाटांपाशी उभ्या राहतो. करून टाका."

खाली येऊन मी ती एक ओळ खोडली. तिघींना निजवलं. पंखे थांबले आणि त्या खोलीत मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. थोरली उठली. मधली उठली. धाकटी उठेना.

फोन वाजला. मोठ्या सिस्टर. "सातव्या खाटेचे ठोके उतरतायत. डॉक्टरांना बोलावलंय."

मी धाकटीचं बटण दाबून धरलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

दिवा लागला.

फोनवर पावलं, कुणाच्यातरी भराभर बोलण्याचा आवाज. मग सिस्टर म्हणाल्या, "आले. ठोके आले. पडदाही आला."

मी जमिनीवरच बसले आणि रडले. त्याची मला लाज वाटली नाही. शंकासुर आत्याच्या पत्त्यावर हाका मारत राहिला. एकही उत्तर आलं नाही.

दुपारभर सगळं सुरळीत होतं. मी वायरी आवरत असताना पंख्यांच्या आवाजात शंकासुरनं विचारलं, आहेस का? मी म्हणाले, "आहे."

"काय आहे?" रॅकच्या पलीकडून त्यानं डोकं काढलं.

"तूच विचारलंस ना, आहेस का म्हणून?"

"मी तोंडही उघडलं नाही. जा, काहीतरी खाऊन घे."

संध्याकाळी मी वर गेले तेव्हा आई बाकावरच होती. भिंतीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले होते. लागला एकदाचा डोळा, म्हणून मी तिला न उठवता आत गेले. ताई जागी होती. खिडकीतून तिरपं ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं.

"कसं वाटतंय?"

"दमलेय गं. झोपूच देत नव्हती."

"कोण?"

"ती बाई. सारखी विचारायची, आहेस का? मी म्हणायचे, आहे. त्या आजोबांनाही विचारायची. ते आधी द्यायचे उत्तर." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नाही दिलं."

मी तिचा हात धरला. हात कोमट होता. "औषधानं भास होतात. आता नाही ना विचारत?"

"नाही. मधेच गप्प झाली. मग मलाच विचारावं लागलं."

"म्हणजे?"

"कुणीतरी विचारायला हवं ना. तुला विचारलं, तू लगेच म्हणालीस, आहे." ती हसली. लहानपणी मी पाठ बरोबर म्हटला की हसायची, तशी.

यंत्र टिकटिकत होतं.

"आईला दोनदा विचारलं," ताई म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "काही बोलतच नाही. तिसऱ्यांदा मी नाही विचारणार. तू विचार."

मी काचेच्या दारापाशी गेले. आई तशीच बसली होती, मी येताना होती तशीच, हात मांडीवर, बोटं अर्धवट मिटलेली. डोकं भिंतीला. शेजारून कुणीतरी गाडी ढकलत नेली, तिचं चाक बाकाला धडकलं.

नुसतं विचारायचं होतं. मी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिले आणि दार उघडलं नाही.