म्हाताऱ्या ग्युर्मेच्या गळ्यातली झी

“सांजेपर्यंत खरा चोर सापडला नाही तर सासू मला हाकलणार, ताई. पोटुशी आहे मी. खिंडीत बर्फ पडलंय.” नामडोल दारातच मटकन बसली.

छोझोमनं चहाचा वाडगा खाली ठेवला. ग्यान्त्से गावात कुणाचं काही गेलं की लोक तिच्याकडेच येत. सोबत नवरा रबतेन असे. चालायला जड, समजायला त्याहून जड.

नामडोलच्या आजारी सासऱ्याच्या गळ्यातली जीव राखणारी नऊ डोळ्यांची झी परवा रात्री गेली, काल सुनेच्या खोलीत सापडली. तो अकिकाचा मणी पुन्हा बांधला, तरी म्हातारा खंगतच होता.

“मिळाली ना? मग आपण कशाला?” रबतेन म्हणाला.

“तू याक हाक. तेवढं जमतं तुला.”

नामडोलच्या घरात शेगडी धगधगत होती. सासू तडकली, “हिच्या अंथरुणाशी उघडी पडलेली, माझ्या डोळ्यांनी पाहिली! आधी कमरेचं फडकं टाकलं, मग उचलली. झी म्हणजे दगड झालेला किडा. झाकली नाही तर सरपटून जाते, शेंबडं पोरही जाणतं.”

“आधी कुणी पाहिली?”

“मी,” नामडोलचा थोरला दीर ल्हाक्सम म्हणाला. घामानं निथळत होता, पण गळपट्टी घट्ट. “हात नाही लावला. धावत जाऊन आईला गोठ्यातून आणलं.”

“डोक्यावर टोपी होती?”

“होती. थंडी काय कमी आहे?”

“वय काय रे तुझं?”

“सदतिसावं, घातवर्ष,” सासूच हळू आवाजात म्हणाली. “दोनदा घोड्यावरून पडलाय.”

छोझोम नवऱ्याकडे वळली. “वाटेत झी दिसली तर काय करशील?”

“टोपी टाकीन वर. विचारायचं काय त्यात?”

“बघ, यालासुद्धा कळतं! आणि ल्हाक्सम, बापाचा जीव जिच्यात, ती उघडी टाकून तू गोठ्यापर्यंत गेलास. पळणार नाही याची खात्री होती तुला. कारण ती काच होती. खरी काढलीस, अंधारात नकली बांधायच्या आत बाबा जागे झाले, तू सटकलास. मग नकली हिच्या खोलीत टाकलीस. सापडलेली वस्तू कोण शोधतो? आणि घातवर्षाला भ्यालेला माणूस खरी कुठं ठेवील? शेगडीपाशी बसूनही जो गळा उघडत नाही, त्याच्याच गळ्यात.”

सासूनंच गळपट्टी ओढली. झी बाहेर आली.

“नामडोलला बांध,” अंथरुणातून ग्युर्मे पुटपुटला. “माझं होत आलं. तिच्या पोटात जीव आहे.”

सासूनं सुनेच्या गळ्यात गाठ मारली.

ल्हाक्सम गुडघ्यांवर आला. “आणि मी, बाबा?”

म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.