चुलीवरची साखळी

मला शांत हो म्हणू नका. त्या तळ्याचं नाव निघालं की माझं टाळकंच सरकतं.

आमचं रूव्हेर म्हणजे दरीतलं, मूठभर घरांचं गाव. धरण झालं आणि नदी, पूल, द्राक्षमळे, सगळं त्याच्या तळ्यात बुडालं. वर डोंगरकडेला नवी घरं बांधून त्यांना तेच नाव चिकटवलं, की झालं गाव!

घर कायमचं सोडताना शेवटच्या माणसानं चुलीवरची, हंडी टांगायची साखळी उतरवून न्यायची, ही आमची रीत. साखळी उतरली म्हणजे घर रिकामं. धरणाची माणसं आत डोकावतसुद्धा नव्हती, दारातूनच विचारायची, "साखळी उतरवली?" आमच्या घरापाशी माझा धाकटा भाऊ फिर्मँ म्हणाला, "उतरवली." बाबा घर सोडायला तयार नव्हते. "ते रागानं मार्सेल शहरात निघून गेले," असं त्यानं मला सांगितलं, आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसले. या मेल्याला मात्र लोकांनी महापौर केलं.

मग दुरुस्तीसाठी तळं रिकामं केलं. मी भर दुपारी खाली उतरले, पण धुकं असं की हाताला हात दिसेना. फिर्मँ मागोमाग आला.

"ताई, चिखलात रुतशील. काय ठेवलंय तिथं?"

"काही नाही ना? मग तुला घाम का फुटलाय?"

घराला छप्पर नव्हतं, दार नव्हतं, नुसती दगडी चौकट. फिर्मँ तिच्याबाहेरच थांबला, मी आत गेले. कुजक्या शेवाळाचा वास येत होता आणि कुठंतरी पाणी ठिबकत होतं. धुराड्यात साखळी तशीच लटकत होती; थंडीत बाबा तिच्याखालीच चेस्टनट भाजायचे. मी हात लावला... चटका बसला.

"फिर्मँ... बाबा आतच होते?"

"माळ्यावर लपले होते गं... हाका मारून थकलो. गाडी खोळंबली होती. वाटलं, पाणी चढलं की येतील बाहेर..."

"वाटलं! जिवंत बाप बुडवलास आणि वर तोंड करून सांगतोस, वाटलं?" मी चौकटीशी येऊन त्याच्या थोबाडीत ठेवून दिली.

तेवढ्यात धुराड्यातून आवाज आला. बाबांचाच, घोगरा.

"फिर्मँ, आत ये... ओदिल, तू जा बाई. दार लावायचंय."

फिर्मँ निमूट आत गेला. मी बाहेर कशी आले, देव जाणे. पाठीमागे दार लागलं आणि आतून कडी पडली. वळून पाहिलं, तर रिकामी चौकट. आतल्या चिखलात फक्त माझ्या पावलांचे ठसे होते.

पोलिसांनी सगळा चिखल उपसला. बाबांना आईशेजारी पुरायचं होतं मला, पण हाडूकसुद्धा मिळालं नाही. फिर्मँही नाही. मी घसा फुटेस्तोवर भांडले, तरी त्यांनी पाणी सोडलंच.

आता थंडी पडली की तळ्याच्या मधोमध, आमचं घर होतं तिथं, एक करडी रेघ उभी राहते. नवा महापौर मला समजावतो, "ओदिलबाई, धुकं आहे ते."

धुकं म्हणे! अरे गाढवा, धुक्याला कधी भाजल्या चेस्टनटचा वास येतो का?