दुधना बोटीची झोळी

चैत्राची दुपार होती, आणि सरजा जलसंजीवनीची पुडी आणायला घराबाहेर पडली होती, एवढंच. वालूरचा दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर. आठ महिन्यांच्या बाळाला तीन दिवस जुलाब आणि ताप होता. नामांतराच्या बंदमुळं एस.टी. थांबलेली, मोर्च्याला गेलेला नवरा पंडित परभणीतच अडकलेला. म्हणून सेलूचं हॉस्पिटल मनातच राहिलं. सरजा बी.ए. झालेली. बालसंगोपनाचं पुस्तक तिनं दोनदा वाचलं होतं, आणि त्यातली बाळं तिसऱ्या दिवशी बरी होत. आपलं बाळ पुस्तकाप्रमाणे वागत नाही की आपणच पुस्तक नीट वाचलं नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"चमच्याचमच्यानं पाजत राहा," नर्सबाई म्हणाल्या. "पोटात ठरलं तर भीती नाही. नाही ठरलं तर..." त्यांनी पुडी तिच्या हातात ठेवली.

घरी आली, तर सासरे तात्याराव बाहेर ओट्यावर बसलेले. भर उन्हात.

"मामा, बाळापाशी बसा म्हणाले होते ना मी?"

"आत हाय की बाळ. झोका चालूच हाय."

"कोण देतंय?"

तात्यारावांनी दाराकडं पाठ फिरवली.

उन्हातून आत गेल्यावर सगळं काळं दिसलं. मग हळूहळू तुळईला टांगलेली झोळी दिसायला लागली. ती झुलत होती. खिडकी बंद, वाऱ्याचं नाव नाही. आणि झोका आपल्याकडचा नव्हता. आपला झोका मागं-पुढं जातो. ही झोळी सावकाश एका अंगाला कलायची, तिथं क्षणभर थांबायची, मग तितक्याच सावकाश दुसऱ्या अंगाला. खोलीत तापलेल्या तेलाचा वास होता. चुलीवरच्या नव्हे, इंजिनाच्या. बाळ निजलं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

सरजानं दोर धरला. झोळी थांबली, तसं बाळ कळवळून उठलं आणि भडभडा ओकलं. घाबरून तिचा हात सुटला. झोळी पुन्हा कलली... बाळ शांत झालं.

ती ओट्यावर आली. "मामा, हे काय आहे?"

तात्यारावांनी सोळा वर्षं नौदलाच्या एका लढाऊ बोटीवर, बॉयलरच्या खोलीत काढली होती. बोटीचं नाव दुधना. सेलूच्या आपल्या नदीचंच. तिथले खलाशी कॅनव्हासच्या झोळीत निजायचे. तसली एक ते घरी घेऊन आले होते आणि नातू झाल्यावर त्यांनीच ती बांधली होती.

"ती झोळी माझी न्हाई, पोरी," ते म्हणाले. "भुजंगची हाय. राणीसावरगावच्या पाटलाचा पोरगा, बावीस वर्सांचा. गावात त्याच्या दाराची पायरी चढलो नसतो मी. बोटीवर एका ताटात जेवलो. लय चिडवायचा... तात्या, तू झोपलास की तोफेनं बी उठायचा न्हाईस." ते हसले आणि मध्येच थांबले. "बोटीचा कायदा हाय. ड्यूटीवरला माणूस बदली आल्याबिगर जागा सोडत न्हाई. बदलीवाला येतो, 'मी आलो, तू जा' म्हणतो, मगच तो वर जातो. त्या दिवशी मी बदली होतो. माझा डोळा लागला. दहाच मिनटं... वाफेचा पाईप फुटला. जागा सोडून वर आला असता तर भुजंग वाचला असता."

"मग?"

"मग बोट अठरा वर्सं चालली. एकाहत्तरची लढाई केली. खाली उतरणारा हरेक जण रिकाम्या कोपऱ्याला म्हणायचा, भुजंग, मी आलो. शेवटी झेंडा उतरवला, मुंबईच्या दारूखान्यात, जुन्या बोटी तोडत्यात तिथं, भंगारात इकली. आठ दिवसांमागं दोस्ताचं पत्र आलं, बॉयलरची खोली कापली म्हणून." त्यांनी दाराकडं पाहिलं. "आता ड्यूटी कुठं करंल त्यो?"

भूतबित मानायचं नाही, हे सरजाला लहानपणापासून शिकवलं होतं. ती परीक्षा आज अशी येईल असं कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यांनी माझं बाळ धरून ठेवलंय का, मामा?"

"सांभाळायलाय."

"फरक काय? सोडतील का?"

"बदली आली की."

"मग जा ना तुम्ही!"

तात्याराव उठले, दारापर्यंत गेले, माघारी आले. "वीस वर्सं झाली, पोरी. त्याला तोंड कसं दावू?"

"मी बसते," सरजा म्हणाली. "चारला तुम्ही या. नक्की?"

"चारला. शब्द दिला."

रिकाम्या खोलीत बोलताना तिला लाज वाटली. "मी आले, भुजंगभाऊ. तुम्ही जा."

झोळी मधोमध येऊन थांबली. सरजानं लगेच दोर धरला आणि तसाच, सावकाश, आडवा झोका द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या हातात चमचा. एक चमचा. थांबायचं. आता ओकेल... ओकलं नाही. पुन्हा एक चमचा. तीन रात्रींची जागरणं डोळ्यांत चढत होती, आणि जागा सोडायची नव्हती.

कधीतरी खांद्यावर हात पडला. गरम हात. झोपलेल्या माणसाला उठवायचं जिवावर येतं तसा हलक्यानं हलवत होता.

"अक्का, मी आलो. तू जा."

तिनं वर पाहिलंच नाही. त्या हातात चमचा दिला, ओट्यावर आली आणि सतरंजीवर कोसळली.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. समोरच्या लिंबाखालून तात्याराव धडपडत येत होते. "पोरी, चुकलो! जरा टेकलो न् डोळा लागला. सहा वाजले... परत तेच केलं मी."

सरजा त्यांच्याकडं पाहत राहिली. मामा तिला पोरी म्हणत. अक्का त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. आणि तो आवाज म्हाताऱ्याचा नव्हता.

ती आत धावली. वाटी रिकामी. चमचा धुऊन पालथा ठेवलेला. झोळी कलत होती, आणि बाळ टक्क जागं, मूठ चोखत होतं. कपाळ निवलेलं. तिनं त्याला उचलून छातीशी धरलं. ते अधाशासारखं दूध शोधायला लागलं.

दारात तात्याराव उभे होते. ते उंबरा ओलांडून आत आले, दोर हातात घेतला आणि रडत म्हणाले, "भुजंग, मी आलो रे. तू जा... नीज आता."

झोका थांबला. बाळ सरजाच्या कुशीत होतं, झोळी मोकळी होती. तरी तुळई करकरली. दोर ताठ झाले, कॅनव्हास हळूहळू खाली ओढला गेला, एका भरल्या अंगाच्या माणसाइतका.

आणि आत कुणीतरी कूस बदलली.