शनवारची पाळी

वात जरा वर कर गो अनिता. आपल्या रोह्यात लाइट गेली की लवकर येत नाय. शनवारी बागेला पाणी घालत जा म्हटलं, तर हसलीस. रेचलच्या घरात भाड्याने राहायला आलीयस, तर तुला सगळं सांगायलाच हवं.

रेचल माझी जन्माची शेजारीण. कुंपणाचे गिरिपुष्पाचे खुंट तिनेच रोवलेले. माघात गुलाबी फुलांनी नुसते लगडतात. ज्यू लोकं ती, शनवार कडक पाळायची. शुक्रवारी दिवे लागल्यापासून शनवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत झारीला हात नाय. मग शनवारचं पाणी माझ्याकडे.

"सगुणा, तू नसतीस तर माझी झाडं तहानेने मेली असती गो," म्हणायची.

"अगो मेल्ये, तेवढ्यापुरती आठवण येते माझी!" मी म्हणायची.

चौऱ्याण्णवला पाऊस सरल्यावर ती नि तिचा नवरा मोझेस, दोघं इस्रायलला लेकाकडे निघाली. जायच्या आधी तिने शंकासुराची रोपं लावली, वीतभर उंचीची. माझा हात धरून म्हणाली, "एवढा उन्हाळा काढून दे. मी फुलं बघायला येणार." रडलो गो दोघी, काय सांगू.

आणि चैत्रात मी विहिरीपाशी घसरले. पाय प्लास्टरात. माझा लेक निलेश धाटावला कंपनीत, शिफ्टला. सून मृणाली माझंच करून दमलेली. आता रोपं जळणार म्हणून मी पडल्यापडल्या तळमळत होते. सकाळी खिडकीतून बघते तर काय, आळी ओलीगच्च!

"मृणाली, पाणी घातलंस गो?"

"नाय आई. मला वाटलं, यांनी..."

निलेश तर रातपाळीवर होता.

रोज सकाळी तेच. खिडकी उघडली की ओल्या मातीचा वास, आणि त्यात रेचलच्या माक्याच्या तेलाचा. शनवारी मात्र माती ठणठणीत कोरडी, पानं मलूल. रविवारी पुन्हा ओली. पुढच्या शनवारीही कोरडी बघितली नि माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

दोन दिवसांनी पेणहून रेचलचा भाचा नथानियल आला. उंबऱ्यातच उभा राहिला. "मावशी गेली... होळीच्या सुमारास."

घाबरले, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जिवाला लागलं ते शनवारचं. ती बापडी मेल्यावरही आपला नेम पाळतेय, आणि मी जिती असून माझी पाळी चुकवतेय!

त्या शनवारी तिन्हीसांजेला मृणालीच्या खांद्यावर हात टाकून बागेत गेले. तिने झारी भरून दिली, मी एकेका आळ्यात पाणी सोडलं. ती दिवा लावायला आत गेली. मी ओट्यावर टेकले, बाजूला जागा ठेवून.

"बस गो रेचल. आज माझी पाळी."

वारा नव्हता. गिरिपुष्पाचं पान हलत नव्हतं. तेलाचा वास जवळ आला... अगदी खांद्याशी. पण मी उठले नाय. किती दिवसांनी अशा बसलो होतो दोघी.

चांदण्या दिसू लागल्या.

"शनवार सरला गो," मी हळूच म्हटलं. झारीत थोडं पाणी उरलं होतं. ती तिच्या बाजूला धरली... आणि कडी सोडली.

झारी खाली पडल्याचा आवाज काही आला नाय.