मागच्या खोलीतून उत्तर

डिसेंबरातल्या एका दुपारी मी लखनौच्या कपूरथला भागातल्या बाजारात डिंक आणि भाजलेल्या शेंगा घ्यायला गेले होते. डिंक पुस्तकांच्या सुटलेल्या पाठी चिकटवायला आणि शेंगा आमच्या इंटर्न मुलांना. तीनच वाजले होते, पण इथे एकदा कोहरा, म्हणजे दाट धुकं, उतरला की तीन काय आणि सहा काय, सगळं सारखंच. शेंगावाल्या भैयाचं तोंड दिसत नव्हतं. फक्त त्याच्या मडक्यातला निखारा दिसत होता आणि त्यातून आवाज आला, "नमक अलग से दूँ, दीदी?"

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. माणूस दिसत नसताना त्याचा आवाज येणं कोहऱ्यात रोजचंच असतं.

आमचं वाचनालय लखनौच्याच महानगर नावाच्या वस्तीत आहे. सार्वजनिक, जुनं आणि समितीच्या ताब्यातलं. समिती म्हणजे पाच ज्येष्ठ नागरिक आणि त्यांचा एकमेव आवडता शब्द, 'नको'. सचिव आहेत मधुसूदन काका. बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झाले, मूळचे साताऱ्याचे, चाळीस वर्षं लखनौत. मी तिथली ग्रंथपाल. बाबा हवाई दलात होते म्हणून माझं शिक्षण इथे झालं, आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी या पाच 'नको'वाल्यांमध्ये येऊन बसले.

कॉलेजच्या मुलांना हिवाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप द्यायची, हे मी मांडलं तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे फुकटचे चपराशी?"

"नाही काका. चहा आणायला आणि झेरॉक्स काढायला कुणाला बोलवायचं नाही, हाच पहिला नियम."

"मग करणार काय ती? मोबाइल बघणार?"

"खरं काम करणार. वाचनालयाला गरज आहे असं. आणि शेवटी दाखवता येईल असं."

काकांनी मफलर नीट केला. "खरं काम हवंय? मग मागची खोली घे."

मागच्या खोलीत जुना संग्रह होता. हिंदी, उर्दू, इंग्रजी आणि इथल्या मराठी कुटुंबांनी बदली होताना मागे ठेवलेली दोन रॅक मराठी पुस्तकं. खोली कित्येक वर्षं कुलपात होती. समितीचा बेत असा होता की पुस्तकं रद्दीत घालायची आणि खोली कोचिंग क्लासला भाड्याने द्यायची. काकांनी अट घातली: जानेवारीच्या बैठकीपर्यंत मुलांनी पूर्ण पडताळणी करून दाखवावी, एकही पुस्तक इकडचं तिकडे नको. जमलं तर खोली वाचकांची. नाही जमलं तर खोलीही गेली आणि तुझी ती इंटर्नशिपही.

मी म्हटलं, "चालेल." माझे कान तापले होते. घरी येऊन रात्रभर योजना आखली.

सहा मुलं घेतली. प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच विचारलं: इथून जाताना तुला काय यायला हवं? जैनबला जुनी पुस्तकं दुरुस्त करायला शिकायचं होतं. ती जुन्या लखनौच्या चौक भागातली, तिच्या बोलण्यात इतका अदब की ती खुर्चीलाही 'ज़रा खिसकिएगा' म्हणेल. प्रणवला कॉम्प्युटरवर सूची करायची होती. त्याचं घर पुण्याचं, पण मी मराठीत विचारलं की तो हिंदीत उत्तर द्यायचा. ज्याला जे हवं ते काम त्याला दिलं, आणि दर शुक्रवारी सगळ्यांनी गच्चीत बसून काय चुकलं ते सांगायचं असं ठरवलं. सगळ्यात जास्त चुका माझ्या निघायच्या. मुलं टाळ्या वाजवायची.

पडताळणीची पद्धत सोपी असते. एकाने दारापाशी बसून पुस्तकाचा नंबर पुकारायचा. दुसऱ्याने आत रॅकमध्ये शोधून, सापडलं की ओरडायचं: "है!" नाही सापडलं तर "नहीं है." दिवसभर हेच. आत दिव्यांची सोय धड नव्हती. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि ओल धरलेल्या कागदाचा गोडसर वास घशात बसायचा. रॅक छतापर्यंत होते आणि आत गेलेलं माणूस तिसऱ्या पावलाला दिसेनासं व्हायचं. उरायचा फक्त आवाज.

तर त्या दुपारी मी शेंगा घेऊन परत आले. मुलं बाहेर ओट्यावर चहा पीत होती. मी दारापाशी बसले, पुस्तकांच्या नोंदीची वही पुढे ओढली आणि सवयीने नंबर पुकारला.

"है," आतून प्रणव म्हणाला.

मी खूण केली. पुढचा पुकारला.

"है."

"प्रणव, ज़रा तेज़," मी म्हटलं, "अजून अख्खी रांग पडलीय."

"दीदी, मैं तो यहाँ हूँ..."

तो माझ्या पाठीमागे उभा होता. हातात चहाचा ग्लास. ग्लासातून वाफ निघत होती आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

कोहरा दारातून आत येत होता आणि पहिल्या रॅकपाशी थांबत होता, जणू आत जायची त्याचीही तयारी नव्हती. जैनब उठून माझ्याशेजारी आली. कुजबुजली, "एक बार और... पुकारिए न."

मी मुद्दाम असा नंबर घेतला जो सकाळी प्रणवनेच 'नहीं है' म्हणून सांगितला होता.

आत काहीतरी सरकल्यासारखं, कागदावरून बोट फिरल्यासारखं. आणि मग प्रणवचाच आवाज, थोडा खुशीतला:

"है."

आम्ही टॉर्च घेऊन गेलो, सगळे एकमेकांचे स्वेटर धरून. आत कुणी नव्हतं. आणि ते पुस्तक, जे सकाळी नव्हतं, रॅकच्या मागे भिंतीला टेकून उभं होतं. केव्हाचं पडलेलं असावं. त्याच्यावरची धूळ मात्र कुणीतरी पुसली होती.

मोठी माणसं अशा वेळी खोली बंद करतात, पूजा घालतात, समितीची बैठक बोलावतात. माझ्या मुलांनी काय केलं? प्रणव म्हणाला, "दीदी, मतलब जो गुम हैं, वो सब मिल जाएँगी?" त्याचे डोळे चमकत होते. जैनबने रॅककडे वळून मान झुकवली. "जनाब, बड़ी मेहरबानी. आप तकल्लुफ़ न करें, बस बता दिया करें."

मला हसू फुटलं. भीती होतीच. पण हसू तिच्यावरून उडी मारून आलं.

चार दिवसांत आम्हाला त्या खोलीची रीत कळली. आत शेवटचं उत्तर ज्याने दिलेलं असेल, त्याच्या आवाजात ती बोलायची. दुसरा कुणी आत जाऊन "है" म्हणाला की पहिल्याचा आवाज सुटायचा आणि दुसऱ्याचा लागायचा. मुलांची त्यावरून भांडणं. आज माझा आवाज राहू दे, काल तुझाच होता. संध्याकाळी मी हरवलेले नंबर पुकारायचे आणि खोली एकेक पुस्तक देत जायची. पुस्तक मिळालं की ओट्यावर आरडाओरडा, शेंगांची टरफलं हवेत. जैनब फाटकी पानं जोडायची, प्रणव सूचीत चढवायचा, बाकीचे कपाटांवर चिठ्ठ्या लावायचे. नवं वर्ष आम्ही त्या खोलीच्या उंबऱ्यावर गजक, म्हणजे तिळाची चिक्की, वाटून साजरं केलं. एक तुकडा जैनबने आत ठेवला. सकाळी तो तिथेच होता, पण मुंग्या काही लागल्या नव्हत्या.

बैठकीच्या दिवशी काका आले. मफलर, माकडटोपी, हातमोजे.

"सगळं सापडलं म्हणतेस?"

"सगळं."

"मी नाही मानत. ही पोरं आतून नुसती 'है, है' ओरडत असणार. तू पुकार. मी स्वतः आत जातो."

"काका, आत तुम्ही... तुम्ही नका जाऊ. मी दुसऱ्या कुणाला..."

"का? लपवाछपवी आहे?"

मी पुकारू लागले. काका आत खोकत, ठेचकाळत, कुरकुरत शोधत होते. "है... है. हे बघ, याचं कव्हर तर नवंच दिसतंय. है." सुरुवातीला रागात, मग हळूहळू आवाज मऊ होत गेला. मराठी रॅकपाशी बराच वेळ थांबले. बाहेर आले तेव्हा हातमोजे धुळीने माखले होते आणि चेहरा, खरं सांगते, दहा वर्षांनी लहान झाला होता.

"ठीक आहे," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "काम केलंय पोरांनी. पण म्हणून खोली लगेच..."

जैनबकडे माझं लक्ष नव्हतं. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिने गंभीर चेहऱ्याने एक नंबर पुकारला.

"है, है! आगे बढ़ो!" आतून मधुसूदन काका ओरडले.

खुर्चीतले मधुसूदन काका गप्प होते. ओठ मिटलेले. त्यांनी हळूच स्वतःच्या गळ्याला हात लावला. मग माझ्याकडे पाहिलं. मुलांकडे पाहिलं. सहाही जण बाहेर उभे होते.

"प्रतिध्वनी," ते म्हणाले.

"हो काका."

ते उठले, बैठकीत गेले, आणि भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू आलं: "खोली कुणालाही द्यायची नाही. आणि तिला कुलूप लागता कामा नये. कधीच. लिहून घ्या."

मुलांनी मला उचललं. अक्षरशः उचललं.

फेब्रुवारीत खोली वाचकांसाठी उघडली. समारोपाला मुलांचे आईवडील आले. प्रत्येकाने आपण काय केलं ते दाखवलं, आणि प्रणवने चक्क मराठीत भाषण केलं, अर्धं चुकीचं, सगळं मनापासून. मोठे दिवे बसले, खिडक्या उघडल्या. शाळकरी पोरं जमिनीवर लोळून वाचू लागली. उन्हाळ्याच्या तुकडीसाठी इतके अर्ज आले की समितीला 'नको' म्हणायला सवड मिळाली नाही. पडताळणी संपली होती, त्यामुळे आत उत्तर द्यायला कुणी गेलं नाही. काका मात्र रोज चारला येत, मराठी रॅकपाशी बसत. कधी गर्दी नसली की मला म्हणत, "एक नंबर घे गं सहज." मी घ्यायचे. आतले काका उत्तर द्यायचे. बाहेरचे काका ऐकायचे आणि घरी जायचे.

मार्चमध्ये ते पत्नी गीता काकूंबरोबर मुलाकडे पुण्याला गेले. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन.

"शर्मिष्ठा, अगं यांचा आवाज गेलाय. झाशी सुटली आणि बोलता बोलता बंदच झाला. डॉक्टर म्हणतात घसा स्वच्छ आहे. दोन दिवस पाटीवर लिहून भांडतायत माझ्याशी. आता काय लिहिलंय बघ... 'तिला विचार, मी तिथे आहे का?' म्हणजे काय गं?"

मी फोन हातात तसाच धरून मागच्या खोलीच्या दारात गेले. वाचकांची वेळ संपली होती, आत कुणी नव्हतं. कुणी नंबरही पुकारला नव्हता. तरीही आतून काका बोलत होते, हलक्या, दमलेल्या आवाजात. "है... है... है..."

जैनब पुस्तकं चिकटवायला अजून येते, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणते. तिनेही ऐकलं. "मैं जाती हूँ, बाजी. एक बार 'है' कह दूँगी, चचा का छूट जाएगा."

"नाही. हा इंटर्नशिपचा कार्यक्रम माझा आहे. मी जाणार. तू पुकार."

फोन स्पीकरवर टाकला आणि आत गेले. दिवे लागलेले होते, तरी तिसऱ्या पावलाला मागचं दार दिसेना. तोच गोडसर वास. काकांचा आवाज आता माझ्या खांद्याजवळ होता, आणि मग एकदम थांबला. कुणीतरी वाट बघतंय असं वाटलं.

दारातून जैनबने नंबर पुकारला. पुस्तक माझ्यासमोरच होतं. मी त्याच्यावर हात ठेवला, श्वास घेतला...

"है," पलीकडच्या रांगेतून माझा आवाज म्हणाला.

मी तोंड उघडलंच नव्हतं.

फोनमध्ये मोठा खोकला झाला, काकूंची किंकाळी, भांडं पडल्याचा आवाज, आणि मग काका, खणखणीत: "हॅलो! हॅलो! आला गं, आला आवाज! शर्मिष्ठा? आहेस का? बोल की!"

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी बोलायला गेले. पण त्याआधीच पलीकडच्या रांगेतून, हसत, उत्तर गेलं:

"आहे ना काका! किती काळजी लागली होती तुमची. जेवलात का? औषध वेळेवर घ्या हं."

दारातून जैनब टाळ्या वाजवत होती. मग फोनमधून काकांचा आवाज, अगदी भरून आलेला:

"किती छान बोलतेस आज. अशी रोज का नाही बोलत गं?"